वॉल्व्ह नसलेला साप

— नाही हो काका, मी नाही सोडला तो. आईशप्पथ. बरं, आईशप्पथ नको, ते प्रकरण वेगळंय, त्याच्यावर येते मी — पण मी नाही सोडला. तुमच्या त्या कागदावर रकाना आहे ना, 'साप घरात कसा शिरला', तिथे लिहा 'आपोआप'. लिहा की. स्पेलिंग सांगू? — आणि मग तोच कागद घेऊन पुढच्या खोलीत जायचं, तिथे एक बाई बॅगेवर बसलीय, तिच्या नाकासमोर धरायचा आणि म्हणायचं, बाई, हा साप स्वतःच्या पायांनी आला. पाय नसतात, माहितीय मला, नववी नापास आहे, बालवाडी नाही. सर्पमित्र तुम्ही, तुमचं ऐकेल ती. तुमच्याकडे काठी आहे, बूट आहेत, झाकणाला भोकं पाडलेली बरणी आहे — माझ्याकडे काय आहे? माझं नाव. आणि या घरात साप निघाला की माझंच नाव निघतं, सापाच्या आधी.

का म्हणजे — बरं, सांगते, पण हळू हं, मधे नुसता पडदाय. पुढे बाबांचं सायकल दुरुस्तीचं दुकान, ते तुम्ही आलात तेव्हा पाहिलंच, हात काळे करून घेतलेत तुम्ही सीटला धरून. तर दुकान म्हटलं की जुन्या ट्यूबा. पोरासोरांच्या सायकलची बारीक ट्यूब असते ना, ती घ्यायची, कापायची, आत ओला भुसा भरायचा, दोन्ही टोकं बांधायची — काय लोंबते सांगू, अगदी जिवंत. वर व्हाइटनरने पांढरे पट्टे. दोन पट्ट्यांमधे अंतर कमीजास्त ठेवायचं, सारखं ठेवलं की नकली वाटतं. हसू नका, कला आहे ही. एक बारीक दोरा बांधायचा आणि लांबून ओढायचा. सळ्ळ. शेजारचे पेंटर आजोबा एकदा शिडीवर चढून बसले, खाली यायला तयार नाहीत, अर्धी भिंत वरूनच रंगवली त्यांनी. एकच खोट — वॉल्व्ह. ट्यूबेचा वॉल्व्ह कापायचा मला कंटाळा. तो राहायचा तसाच पोटाला चिकटलेला, बेंबीसारखा. ज्याला माहितीय त्याने तेवढं बघायचं — बेंबी आहे, म्हणजे माझा. बेंबी नाही, म्हणजे पळा.

व्हाइटनर कुठून आणलं? चांगला प्रश्न. तिनेच दिलं. तीच हो, बॅगेवाली. कंडक्टर. खरंच कंडक्टर आहे, बसवर, आज तिची सुट्टी म्हणून साडीत दिसतेय. दहा महिने झाले, बाबांनी लग्न केलं तिच्याशी. आमची आई जाऊन चार वर्षं झाली. मग बाबा आणि मी — मस्त चाललं होतं आमचं. मी शाळा सोडली, दुकानात बसायला लागले, पंक्चर काढते मी, दहा मिनिटांत, बाबांना पंधरा लागतात. दुपारी दोघं चहात पाव बुडवून जेवायचो. कुणी बोलणारं नाही, कुणी उठवणारं नाही. आणि मग ही आली. घरात पण बसमधल्यासारखी बोलते — 'दारात उभं राहू नका, पुढे सरका.' बाबा सरकतात! माझे बाबा, आयुष्यात कुणासाठी सरकले नाहीत ते! आल्याच्या तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, दहावीला बाहेरून बसायचं. वह्या आणल्या, पेनं आणली, व्हाइटनर आणलं — 'चुका होणारच, खोडत जा.' मी म्हटलं, बरं. आणि त्याच रात्री पहिला साप तयार केला. अभ्यासाच्या सामानाचा उपयोग तरी झाला.

पहिल्यांदा मोरीत. अशी किंचाळली, काका, काय सांगू! चालत्या बसमधून दारुड्यांना कॉलर धरून उतरवणारी बाई — बादलीवर उभी! मला वाटलं, आणखी तीन-चार साप, की गेली ही. दुसरा पिठाच्या डब्यात, तिसरा तिच्या बुटात, चौथा तिच्या तिकिटांच्या पेटीत. पाचव्याला नाही किंचाळली. बघितलं, वॉल्व्ह चिमटीत धरला, म्हणाली, 'हं.' नुसतं हं. आणि मी झोपायला गेले तर उशीखाली तिकीट. बसचं. जुनं, रद्द झालेलं, मागे पेनाने लिहिलेलं — 'विनापरवाना सामान. जप्त.' खाली सही! मला असा राग आला ना. हसू पण आलं, पण राग जास्त. मग सहावा केला, त्याचं तिकीट आलं — 'प्रवाशाने शेपूट आत घ्यावी.' सातव्याचं — 'पुढच्या थांब्याला उतरणे.' काय डोकं चालतं बाईचं! मग मला पण वाटायला लागलं, बघू आता काय लिहिते. म्हणून आठवा. म्हणून नववा. अकरा झाले. पाचव्यापासूनची सात तिकिटं आहेत माझ्याकडे, कंपासपेटीत. जपून नाही ठेवलेली, तसलं काही नाही — पडलीयत अशीच. नंबराप्रमाणे.

मग घालवायचं होतं ना तिला? होतं की. कोण नाही म्हणतंय? आत्ता — आता ते सोडा. तुम्ही चहा घेणार का? —

अगंबाई, आणलाच, टपरीवरून. बघा. पडदा बाजूला, कप तुमच्या हातात. एकच कप. मी इथे बसलेय हे दिसलं नाही तिला, मी ट्यूब आहे ना. आता सिलिंडरपाशी वाकून गॅसचं बटण बंद केलं, ते बटण बरं दिसलं. गेली. बघितलंत तोंड? सकाळपासून असंच. आरडाओरडा केला असता तर मी पण केला असता, मला येतो तो. पण ही गप्प. गप्प बसणाऱ्या माणसाचं काय करायचं, हे कुठल्या इयत्तेत शिकवतात?

तर सकाळी. बाबा सुटे भाग आणायला बाजारात गेले, मी इथे, इथेच, पाटावर बसून ट्यूबेला सोल्यूशन लावत होते. पंक्चरची ट्यूब, खरी, गिऱ्हाइकाची. आणि ही मोरीतून आली — हातात तो. तो, हा, बरणीतला. मधोमध धरलेला, टॉवेल धरतात तसा. आणि हसत होती, काका. म्हणाली, 'या वेळी वॉल्व्ह काढलास वाटतं? सुधारतेयस.' आणि मी बघितलं, पट्ट्यांमधलं अंतर माझं नव्हतं. मी इतके बारीक काढत नाही. आणि मग त्याने जीभ काढली. हिचं लक्ष माझ्याकडे, त्याचं लक्ष हिच्याकडे — आणि माझ्या तोंडून निघालं, 'आई!'

आता ऐका, हे महत्त्वाचंय. 'आई गं' म्हणतात की नाही माणसं? ठेच लागली, आई गं. चटका बसला, आई गं. पेंटर आजोबा पंच्याहत्तर वर्षांचे, शिडीवरून तेच ओरडत होते, म्हणून काय मी त्यांची आई झाले? तशातलं होतं ते. पण ही! हातात जिवंत साप, तो मनगटाला वेटोळं घालतोय, आणि ही तशीच उभी, माझ्याकडे बघत. म्हणाली, 'काय म्हणालीस?' अहो, ही वेळ आहे का विचारायची! मी म्हटलं, 'टाक ते, जिवंतय!' तेव्हा कुठे खाली बघितलं. टाकला. तो सुर्रकन सिलिंडरमागे. आणि ही बसली मटकन, जमिनीवर. हात बघत होती स्वतःचा, उलटा सुलटा. चावला नाही. तुम्ही आता म्हणालात कवड्या आहे, बिनविषारी — तेव्हा कुठे माहीत होतं? मी तिचा हात धरून किती वेळ दात शोधत होते, मला पण कळत नव्हतं कुठला तीळ आणि कुठला दात. आणि मग तिने हात काढून घेतला माझ्या हातातून. हळूच. म्हणाली, 'ट्यूबा संपल्या म्हणून खरा आणलास?'

मी म्हटलं, नाही. म्हणाली, 'बरं.' मी म्हटलं, खरंच नाही. म्हणाली, 'बरं म्हटलं ना.' आणि पलंगाखालून बॅग ओढली. जाडजूड भरलेली — कधी भरली काय माहीत, आधीपासूनच भरून ठेवली होती की काय. साडेबाराची गाडी आहे, तिच्याच डेपोची, फुकट जाईल ही. किती वाजले? — बारा? म्हणून म्हणते, तो चहा फुंकत बसू नका. सांगा तिला. अकरा वेळा मी खोटं केलं आणि अकरा वेळा ती राहिली, आणि बाराव्याला मी काही केलंच नाही तर निघाली! याला काय न्याय म्हणायचं? करून सवरून मोकळी राहिले आणि न करता फाशी.

काय? — कुठली जाळी? मोरीची? हां, ती. नाहीये. गंजली असेल. पडली असेल. पाण्याने गेली असेल वाहून — एवढ्याशा भोकातून नाही जात, बरोबर, जाळी भोकापेक्षा मोठी असते, म्हणून तर जाळी. बॅटरी बाजूला घ्या ना, डोळ्यात येतेय. — बरं. मी काढली. झालं? स्क्रू-ड्रायव्हरने. चार स्क्रू, चारही माझ्या खिशात आहेत, हे बघा. दोरा जायला नको का? मागच्या अंगणातून दोरा आत घ्यायचा, साप इकडे मोरीत, मी बाहेर, ही तोंड धुवायला वाकली की ओढायचं — साप तिच्या डोळ्यांसमोरून चालत चालत भोकात गायब! काय झालं असतं, काका! बारावा नंबर. नुसती जाळी काढून ठेवली परवा, साप अजून केला पण नव्हता. त्याच्या आधी हा आला. म्हणजे — म्हणजे मीच दार उघडं ठेवलं. हो. कळलं मला, मोठ्याने नका म्हणू. आणि भुसा सांडलेला मागे, त्यात उंदीर, आणि उंदीर-पालींच्या मागे… हो, हो, कळलं म्हटलं ना.

आता काय लिहिणार? नका लिहू. नाहीतर लिहा. लिहा, 'पोरीने जाळी काढली.' पण खाली हे पण लिहा की साप तिने आणला नाही, आणि तिला माहीत नव्हतं, आणि तिला — रकाना लहान पडेल. मागच्या बाजूला लिहा. असं लिहा की तिने, म्हणजे मी, दहावीला बसते. बीजगणित सोडून. बरं, बीजगणितासकट. अंगणातला भुसा झाडते. जाळी बसवते, आत्ता बसवते. आणि तिकिटं लिहायला घरात कुणीतरी पाहिजे ना, नाहीतर मी एवढे साप करायचे कुणासाठी? बाबा तर बघतच नाहीत, पायाने बाजूला सारतात.

कुठे बघताय? — सिलिंडरमागे? असू दे, माझीच एखादी ट्यूब असेल ती. थांबा, उचलते. तुम्ही बसा, तुमचे गुडघे वाजतात. एवढीशी तर — थांबा. अकरा केल्या मी. अकराही जप्त झाल्या. मग ही… काका, हिला वॉल्व्ह नाहीये. वॉल्व्ह नाहीये हो! काठी कुठेय तुमची, काठी द्या ना — हलली! आई! आई, ये ना इकडे, अजून एक आहे, आई —

…कोण हसतंय?

काका, तुम्ही? — तुम्ही पण सामील?

तू कधीपासून उभी आहेस पडद्यात? आणि हातात काय आहे? दोरा? माझा दोरा! — वॉल्व्ह कापला होय! कात्रीने? मग मघाशी सिलिंडरपाशी वाकलीस ती गॅसच्या बटणासाठी नव्हतीच… बघू ती बॅग. उघड. उघड ना — कपडे कुठेत? या तर माझ्या ट्यूबा! एक, दोन, पाच… दहा आहेत. अकरावी ही. म्हणजे तू जाणारच नव्हतीस? — जाणार होतीस? मग? — माझ्या ट्यूबा घेऊन? कुठे नेणार होतीस त्या, डेपोत दाखवायला?

काय म्हणाले मी? काही नाही म्हणाले. आई गं म्हणाले. 'गं' म्हणायचा राहिला, घाई होती. — नाही, परत नाही म्हणणार. एकदा घंटी वाजवली की झालं. हसू नकोस अशी.

ऐकलंत काका? बोटाने बॅगेवर टक केलं तिने. एकदा. एक घंटी म्हणजे गाडी थांबली, दोन म्हणजे सुटली. तुम्हाला नाही कळायचं ते. तुमच्यासाठी मी वाजवते, हे घ्या — टक, टक. चला. बरणी घ्या, काठी घ्या, कप राहू दे. दारात उभं राहू नका, पुढे सरका.