पितळी पाटीचं मशीन

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा पास्टर सोल्वेग, व्यासपीठावर बसलेले विश्वस्त मंडळाचे सदस्य, सत्कारमूर्ती श्री. रेइनो हौतामाकी, त्यांच्या पत्नी आयलीबाई, आणि चर्चच्या या तळघरात कॉफीचे कप हातात घेऊन बसलेल्या माझ्या गावकऱ्यांनो,

रेइनोंनी सव्वीस वर्षं आपल्या चर्चच्या इमारतीची देखभाल केली. आज ते निवृत्त होत आहेत. त्यांच्याविषयी दोन शब्द बोलायला मला का सांगितलं, याचं कोडं मला आठवडाभर सुटत नव्हतं. मग कळलं, इतर चौघांनी आधी नकार दिला होता.

चांगलं ते आधी सांगतो. छप्पर रेइनोंनी स्वतः चढून दुरुस्त केलं. मेणबत्त्यांचा हिशेबही कधी चुकला नाही. आम्ही दोघं शाळेत एकाच बाकावरचे. हिवाळ्यात वर्गातल्या शेगडीपाशी बसून आम्ही बर्फाच्या कविता पाठ करायचो. त्या कवितांत बर्फ पिसासारखा उतरे, झाडांना शाल पांघरी, पाखरांना निजवी. अजूनही पहिला बर्फ पडला की माझ्या ओठांवर त्या ओळी येतात आणि मी खिडकीपाशी उभा राहतो. सगळं सुंदर होतं. फक्त, रस्ता साफ करणारा सरकारी ट्रक पहाटे आपल्या फाटकात जो दगडासारखा ढीग लोटून जातो, त्याच्यावर एकाही कवीने ओळ लिहिलेली नाही.

त्या ढिगाशी अकरा हिवाळे माझी धाकटी बहीण लेंपी झुंजते आहे. ती तिसऱ्या रांगेत बसली आहे. वय त्र्याहत्तर. रविवारी तुम्ही प्रार्थनेला येता तेव्हा वाट मोकळी असते, चाकाच्या खुर्चीचा उतार खरवडलेला असतो. हे आपोआप होतं असं तुम्हाला वाटत होतं का? मला वाटत होतं. मी तिचा सख्खा भाऊ.

चर्चचं जुनं बर्फ उपसायचं मशीन तुम्हाला ठाऊक आहे. बर्फ गिळून लांब फेकायला राक्षस, पण वळायला रेडा. दोन्ही चाकं एकाच दांड्याला जखडलेली, त्यामुळे ते सरळच जाणार. वळवायचं तर मागून उचलायचं आणि कमरेने ढकलायचं. गेल्या जानेवारीत फाटकातल्या ढिगावर ते चढलं, लेंपीने वळवायला सगळा भार टाकला, आणि तिच्या उजव्या खांद्यातला स्नायू फाटला. तिने मशीन बंद केलं. मग डाव्या हाताने झाडू घेऊन उतार झाडून काढला, कारण नऊला प्रार्थना होती. मी तेव्हा इथेच, या टेबलाशी, वेलदोड्याचा पाव, आपला निसु, खात होतो.

सत्कारमूर्ती दारातून आत आले, टोपीवरचा बर्फ झटकला आणि म्हणाले, "तुझ्या बहिणीची पद्धत चुकते, अर्वो. रेटा कमरेतून द्यायचा असतो."

मी काय उत्तर दिलं असेल? मी त्यांना पावाची बशी पुढे केली.

मार्चमध्ये ते मशीन कायमचं बसलं. डॉक्टरांनी लेंपीला सांगितलं होतं की बोटांनी होईल ते कर, खांद्याने काही ढकलायचं नाही. म्हणून तिने हिमवर्षाव संपायच्या आत शेजाऱ्यापाजाऱ्यांची तीन मशीनं चालवून पाहिली. एक आपल्या जुन्यासारखंच होतं. दुसरं आपोआप वळणारं होतं, पण खडबडीत जागेवर ते आपल्याच मनाने भरकटे. तिसरं तिला पटलं. त्याच्या मुठींखाली दोन चाप आहेत. डावा दाबला की डाव्या चाकाचा जोर सुटतो आणि मशीन डावीकडे वळतं. ती मंडळाच्या बैठकीत आपल्या सगळ्यांपुढे आली, कागद ठेवला, म्हणाली, "हे दोन बोटांनी वळतं. हे घेतलंत तर मी अजून पाच वर्षं करीन."

रेइनो हसले. म्हणाले, "लेंपी, दोन बोटांनी वळते ती बाबागाडी."

आणि आम्ही हसलो. मीही.

त्यानंतर ऑगस्टमध्ये आपल्या सत्कारमूर्तींनी जाहीर केलं की निवृत्तीची आठवण म्हणून नवं मशीन ते स्वतः भेट देणार. त्यांनी ते अंगणात मागवलं, आपल्याला बोलावलं, आणि कापलेल्या कोरड्या गवतावर, अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात, एक फेरी मारून दाखवली. "वळतं की नाही?" आपण मान डोलावली. सहा फूट दोन इंच उंचीच्या माणसाने ऑगस्टमध्ये गवतावर वळवलं, म्हणून ते वळतं. जन्मभर बर्फ उपसणारी माणसं आपण, आणि मशीनची परीक्षा हिरवळीवर घेतली.

ते मशीन मागे कोपऱ्यात उभं आहे. लाल फीत बांधली आहे. त्यावर रेइनोंच्या नावाची पितळी पाटी आहे. चाप नाहीत. मी मघाशी हात लावून पाहिलं, जुन्यापेक्षा जड आहे.

रेइनो, आता तुझ्याशी बोलतो. नाही, उठू नकोस, कॉफी संपव. तू दुष्ट असतास तर मला सोपं गेलं असतं. तुला मशीन द्यायचं नव्हतंच. तुला फक्त पाटी द्यायची होती, आणि ती ठोकायला काहीतरी भक्कम हवं होतं. ती पाटी लेंपीने जानेवारीत ढकलायची. नाहीतर तिने घरी बसायचं, आणि मग तू म्हणणार, बघा, बायकांचं काम नव्हतंच.

थोड्या वेळाने पास्टर ही भेट स्वीकारायचा ठराव मांडतील आणि नेहमीप्रमाणे विचारतील, "कुणाचा विरोध?" आपल्याकडे भेटीला कुणी नाही म्हणत नाही. आपण कपात पाहतो. ते पाहणं संमती म्हणून नोंदलं जातं. या गावातल्या सगळ्या चुका अशाच एकमताने झाल्या आहेत.

म्हणून मी आधीच सांगतो. माझा विरोध आहे. ही भेट परत जावी आणि लेंपीने निवडलेलं मशीन यावं. ज्यांना असंच वाटतं त्यांनी हात वर करावा. लेंपी करणार नाही. तिचा उजवा हात आता खांद्याच्या वर जात नाही, आणि डावा हात वर करून लोकांना ते दाखवणं तिला आवडणार नाही. तिच्या वाटणीचा हात मी वर करतो आहे.

निसु भाजणाऱ्या भगिनींचे आभार. अध्यक्षांनी वेळ दिला, त्यांचे आभार. आयलीबाई, तुमची क्षमा मागतो, तुमचा यात दोष नाही. बोलण्यात काही उणं राहिलं असेल तर सर्वांनी माफ करावं. सव्वीस वर्षं ते राहतच आलं. अधिक मात्र एक शब्दही बोललेलो नाही.

हात अजून वर आहे, पास्टर. मोजा.