उशीखालचा चाकू

त्या दिवशी पवनारले ऊन असं तापलं होतं का हापशीचा दांडा हाती धरवत नव्हता. तशात स्काउटच्या जुन्या चाकूंचे जाणकार गुरुजी पुलगाववरून माह्यासाठी आले. मी जमवलेल्या सात चाकूंपैकी एक असली का नकली, हे मले उमजत नव्हतं. अन् नेमका तोच शेजारच्या शांताबाईनं नातवाच्या उशीखाली ठेवाले नेलता. नजर लागू नये म्हणून बाळाजवळ लोखंड पाह्यजे ना!

आमी दोघं तिच्या घरी गेलो. "सव्वा महिना तिथून काढाचा नाई," ती म्हणाली.

गुरुजी म्हणाले, "नका काढू बाई. मी चाचपून सांगतो."

"चाचपा. पण पोट्टं उठलं तं तुमीच निजवा."

गुरुजींनी पाळण्यात हात घातला अन् पोट्टं उठलंच. त्यानं गुरुजींची मिशी मुठीत धरली. गुरुजी तसेच वाकून चाचपत राह्यले.

"मूठ हाडाची हाय... बिल्ला चिकटवलेला नाई, आत बसवलेला हाय... आरी बी जागेवर हाय. असली हाय, भाऊ!"

मले लई आनंद झाला. म्हटलं, "वहिनी, आता हा द्या. बदल्यात माह्या घरचा अडकित्ता ठेवा."

शांताबाई म्हणाली, "काऊन? असली हाय म्हणते ना गुरुजी? मंग जावळापर्यंत इथंच राहू द्या, भाऊजी."