उजवीकडचा नवा मसाला

नाही हो ताई, दुखत नाही तसं — पहिले दोन दिवस काय ते ठणकतं, मग पोरं विसरतात. तुमची सोनू उगाच घाबरलीये, बघा ना, तुमच्या मांडीत तोंड खुपसून बसलीये. सोनू, ती खिडकीपाशी लाल रिबिनीवाली ताई दिसते ना, ती माझी आमू — आम्रपाली — तिला विचार जा. जा गं. — गेली. आता टेका जरा पाठ. इथं आलं म्हणजे बसायचंच असतं. आम्ही खडकीहून दोन बस बदलून येतो, उठल्याबरोबर डबा, पाणी, मग केसपेपरची रांग, मग हे बाकडं. दातांचं कॉलेज म्हणायचं आणि बसून बसून दुखते कंबर. काय म्हणता? ऐकू येत नाही? — हां, पदर. सवय आहे हो, तोंडापुढं पदर धरूनच बोलते मी. तुम्हीच सरका जवळ.

आज पहिल्यांदा टिकल्या बसवणार ना तिला? आम्ही टिकल्याच म्हणतो, ते इंग्रजी नाव माझ्या जिभेवर काही बसत नाही. एकेका दातावर मसाल्यानं टिकली चिकटवायची, निळा दिवा धरून तो मसाला घट्ट करायचा आणि सगळ्या टिकल्यांतून तार न्यायची. ती तार दात ओढून आणते मागं — हळूहळू, आपल्याला दिसतही नाही. फुकट का करतात? तुम्हाला सांगितलं असेल की, तुमचं लक्ष नसेल. माझंही नव्हतं, मी फुकट एवढंच ऐकलं. राजनंदिनी मॅडमचं संशोधन आहे ते. त्यांनी इथंच प्रयोगशाळेत नवा मसाला तयार केलाय. तो लावतात उजवीकडं आणि बाजारातला नेहमीचा डावीकडं. तोंड एक, मसाले दोन. कुठल्या बाजूच्या टिकल्या आधी निघतात ते बघायचं. अपाय काही नाही, मी तीनदा विचारलं, तिसऱ्यांदा तर त्या हसल्याच.

आणि आमच्या आमूचं म्हणाल, तर उजवीकडची एक टिकली जागची हलली नाही. एक नाही! डावीकडच्या मात्र एकसारख्या निघतात, दर खेपेला मॅडम परत बसवतात. बाकीच्या पोरांचं तसं नाही म्हणे, त्यांच्या दोन्हीकडच्या बरोबरीनं पडतात. मॅडम म्हणतात, आम्रपाली, तू माझी लकी पेशंट. पुढच्या महिन्यात चेन्नईला डॉक्टरांची मोठी सभा आहे, तिथं पडद्यावर आमूच्या दातांचे फोटो दाखवणार. आज मोठे सर स्वतः बघायला येतायत तिला, म्हणून तर त्या लाल रिबिनी.

आता तुम्हाला म्हणून सांगते, हे आपोआप नाही झालं. पहिल्या दिवशी घरी गेल्यागेल्या मी आमूला बजावलं — उजव्या बाजूनं चावायचं नाही. अहो, नवं आहे ना ते! आपण नवं कधी लगेच वापरायला काढतो का? आमच्या टीव्हीच्या रिमोटचं प्लास्टिक अजून तसंच आहे, आकडे दिसत नाहीत तरी. लग्नातले काचेचे कप शोकेसमध्ये, चहा प्यायचा तो कान तुटलेल्यातून. जुनं वापरायचं, नवं जपायचं — आणि मॅडमनी एवढं जीव ओतून केलेलं! म्हणून भाकरी डावीकडं, पोहे डावीकडं, भातसुद्धा डावीकडं — भाताला काय चावायचंय, पण सवय मोडायला नको. मी समोर बसते आणि कुठला गाल हलतोय ते बघते. चुकली की नुसती खाकरते, तिला कळतं. मॅडम म्हणाल्या होत्या, नेहमीसारखं खाऊ दे, फक्त कडक नि चिकट नको — पण ते भिडेनं म्हणाल्या असतील. पाहुणा नाही का म्हणत, माझ्यासाठी काही करू नका. तुमच्या सोनूलाही सांगा हं, आजपासूनच. हो ना? — बरं झालं.

एवढी जपते म्हणजे काय, जपावंच लागतं. तिचे पप्पा खराडीच्या कंपनीची गाडी चालवतात, रात्रपाळीच्या पोरींना घरी सोडतात. सांगत असतात, त्या पोरी सगळा रस्ता हसत असतात, कशाला हसतात देव जाणे. तसं मला आमूचं पाहिजे. तसं म्हणजे — नोकरी लागो न लागो. माझे दात बघितलेत ना तुम्ही मघाशी? बघितलेत, आता नाही म्हणू नका. शाळेत फावडी म्हणायचे मला. सातवी झाली आणि मी म्हटलं, बास, नाही जायचं. घरच्यांना वाटलं, अभ्यास झेपेना. वाटू दिलं. आमूचे दात माझ्यावर गेले, त्याला माझा काय इलाज? पण दुसरीत शाळेचा फोटो आला, सगळ्या पोरी दात काढून हसतायत आणि आमूचा हात तोंडावर. अस्सा. तिला कुणी काही बोललं नव्हतं हो! मी विचारलं, हात का गं धरलास? तर म्हणाली, हसताना असाच धरतात ना, आई? — दात रक्तातून आले. हात मी शिकवला. पदर सोडून बघितला चार दिवस, नाही जमलं. मग म्हटलं, दातच सरळ करू. आता अर्ध्यावर आलेत. अर्धे मागं, अर्धे पुढं, फट पडलीये मधे — पण हात गेला. मॅडमपुढं तारांसकट हसते, खळखळून.

काय म्हणालात? — मग नव्याचा कस कसा लागला? लागला की, एकही टिकली निघाली नाही, सांगितलं ना — डावीकडच्या निघतात कारण... घास सगळा डावीकडंच — आणि उजवीकडं काही —

थांबा. थांबा हं ताई.

म्हणजे रिमोटवरचं प्लास्टिकच की ते. आणि मॅडम ते चेन्नईला नेणार. मोठ्या सरांसमोर, पडद्यावर. आणि त्यांना कुणी विचारलं, बाकीच्यांच्या का पडतात मग? — काय गं बाई केलं मी हे. आणि तुम्ही मघाशी मान डोलावलीत! तुम्हीही सोनूला सांगणार होतात. नका सांगू. दोन्हीकडनं चावू दे, काय निघायचं ते निघू दे.

गप्प बसले तरी कुणाला कळणार नाही. आमूला सांगेन, आजपासून दोन्हीकडनं खा. चार टिकल्या निघतील, मॅडम म्हणतील, नशीब फिरलं. तारा तशाच राहतील. पण बोलले तर — पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या त्या, सांगितल्यासारखं वागला नाहीत तर नाव कमी करावं लागेल. अर्ध्यावर काढल्या तारा तर ते दात परत जागेवर जातात म्हणे. दात परत पुढं येतील, आणि त्यांच्यामागं हातही परत तोंडावर. तुम्ही असतात तर काय केलं असतंत? — नका सांगू. तुमची सोनू अजून कोऱ्या तोंडाची आहे, तुम्हाला काय.

बघा, आल्या मॅडम दाराशी. मोठे सर आहेत वाटतं मागं, चष्मेवाले. आमूकडं बघून कशा हसतायत — आणि ही बया, बघा, बघा, सगळ्या तारा दाखवतीये.

आमू, थांब तू. बस इथं मावशींजवळ. आधी मी जाते आत, मॅडमशी बोलायचंय. — नाही, काही झालं नाही. बस म्हटलं ना.

पिशवी? नको, असू दे माझ्याजवळच. आणि ताई, माझी जागा धरू नका.