गूळ वाळूसारखा लागला तेव्हा

मंडळी, जरा मनाला विचारून बघा — ज्याच्यावर आपला विश्वास, त्याची परीक्षा घ्यावी का? आणि घेतली, तर विश्वास उरला कुठे?

ऐका! भार्गवी नावाची एक संशोधक. तिचे त्र्यंबकमामा गावचे वैद्य. साखरेच्या आजाराला ते बेडकी नावाच्या रानवेलीचा पाला देत — वडिलांपासून चालत आलेलं औषध. हा पाला चघळून गूळ खाल्ला, तर वाळू खाल्ल्यासारखा लागतो! आत्ता नको हो, कीर्तन संपू द्या!

मामा म्हणाले, "भार्गवे, एकदा तपासून दाखव. बाबांचा पाला खरा ठरला, की मी डोळे मिटायला मोकळा."

तिनं साखरेचा आजार असलेल्या गावकऱ्यांना कॅप्सूल वाटल्या. निम्म्यांत बेडकीची पूड, निम्म्यांत साध्या पाल्याची. कुणाची कुठली, ते सांगायचं नाही — नाहीतर मन आधीच निकाल लावून बसतं! डॉक्टरांच्या गोळ्या मात्र सगळ्यांच्या चालूच.

काही महिन्यांनी रक्त तपासलं. आणि काय? साखर उतरली ती साध्या पाल्यावाल्यांची! बेडकीवाल्यांची उलट चढलेली!

मामा ओसरीवर बसले ते उठेनात. "म्हणजे बाबांनी जन्मभर लोकांना फसवलं?"

काय करावं तिनं? झाकावा निकाल? मामांचा चेहरा बघवत नव्हता हो! पण नाही झाकला. ती गेली बेडकीवाल्यांपैकीच एका बायजाक्काकडे. "आक्का, कॅप्सूल घेत कशी होता?"

"कशी म्हणजे? उघडायची, पूड जिभेवर, वर गुळाचा खडा! वाळू लागली की समजायचं, आपली खरी."

"मग?"

"मग काय! भाचीच्या लग्नात पूड चाटली नि चार लाडू हाणले. गोड लागतच नव्हते, ते कसले मोजायचे?"

"आणि ज्यांना गूळ गोड लागला?"

"ते बसले घाबरून, आपली खोटी म्हणून! आमच्या दिरानं तर भात सोडला. रोज टेकडी चढतोय बापडा!"

हसताय? हसा! भार्गवी परत आली. "मामा, पाला हरलेला नाही. पण जिंकला, असंही मी म्हणणार नाही. पुन्हा करायला हवं. आता कॅप्सूल माझ्यासमोर गिळायची."

मामा म्हणाले, "साखर मलाही आहे. माझंही नाव घाल. आणि मला कुठली दिलीस, ते सांगू नकोस."

मंडळी, विश्वास तो हा! जीभ फसली, रक्त फसलं नाही. आपणही सकाळी देवाचं नाव जिभेवर ठेवतो — आणि दिवसभराचं खोटं मोजतच नाही! लागतच नाही ना ते आपल्याला! मामांनी स्वतःचा हात सुईपुढे धरला. आपण कधी धरणार?