आतली कडी

"माझी झोपडी पाडलीत, आता भिंतीवर काढलेलं घर बी पुसणार?"

लातूरच्या बसस्टँडमागं केवळाबाई चुन्याची बादली घेऊन आलेल्या मुकादमावर कडाडली. बसची वाट बघणाऱ्या मंजुषाचे कान तिकडंच लागले.

"मावशी, वरून हुकूम हाय. भिंत पांढरी करायचीय."

"कर. पण आधी बघ तरी, कोळशानं किती जीव लावून काढलंय. ही चूल, हा उंबरा."

"अन् दाराला कडी न्हाई व्हय?"

"हाय की, आतून! बाहेरून कशी दिसंल? रस्त्यावर निजणाऱ्या बाईला आतलीच कडी लागती, लेकरा."

मुकादमानं बादली खाली ठेवली.

"मावशी, चहा सांगू का?"

"चहा नको. तुझ्या सायबाला फोन लाव अन् इचार, आज कडी लावून मी कुठं निजू?"