उकंडाची पेटी पुसदला निघाली

समारंभाचे अध्यक्ष माननीय पंजाबरावजी, व्यासपीठावरील आमच्या गायिका सत्यभामाबाई, सत्कारमूर्ती उकंडाजी वानखडे, पुढच्या रांगेत बसलेले त्यांचे वडील देवरावबाबा, आणि यवतमाळच्या रसिक बंधुभगिनींनो,

मी खेमसिंग राठोड. कापडाच्या दुकानात नोकरी करतो आणि उरल्या वेळात तबला वाजवतो. माझे मालक समोर आहेत, ते याच्या उलट सांगतील. उकंडाला ‘जी’ लावायला माझी जीभ वळत नाही. अध्यक्षांनी तेवढी मोकळीक द्यावी.

देवरावबाबा गावात डफडं वाजवत. लग्न असो, मयत असो, बोलावणं आलं की जावंच लागे. छप्पन साली त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला आणि डफडं सोडलं. पुढच्या वर्षी उकंडा यवतमाळला आला, जिनिंगमध्ये कामाला लागला, आणि त्याला पेटी शिकायची होती. शिकवणार कोण? दोन गुरुजींनी आडनाव विचारलं आणि ‘पाहू’ म्हटलं. तिसऱ्यांनी आडनाव विचारलंच नाही. ते तिसरे म्हणजे आजचे आपले अध्यक्ष.

पुढे सत्यभामाबाईंचं गाणं, उकंडाची पेटी आणि माझा तबला, अशी आमची तिघांची पार्टी जमली. रविवारी सकाळी एका शिंप्याच्या खोलीत तालीम. पाठीशी ना संस्था, ना कोणी मोठा माणूस.

दिग्रसची गोष्ट इथे सांगावी की नाही, याचा मी बराच विचार केला. सांगतो. एका लग्नात आमचं गाणं होतं. तबला लावून झाला, आणि घरचे एक जण येऊन म्हणाले, “पेटीवाल्यानं मांडवाबाहेर बसा. बाकीचे आत चालते.”

उकंडानं पेटीचा भाता मिटला. सत्यभामाबाई म्हणाल्या, “पेटी बाहेर, तं गाणं बी बाहेर,” आणि उठल्या. मीही उठलो, पण सर्वांत शेवटी.

परतताना एसटीत मी त्याच्यावर चिडलो. “एक दिवस बसला असता बाहेर, तं काय बिघडलं असतं? आता दिग्रसात आपल्याले कोण बोलावते?”

तो म्हणाला, “मंग माह्या बापानं डफडं कायले सोडलं?”

दिग्रसहून नंतर खरोखरच बोलावणं आलं नाही.

त्यानं नागपूरला जाऊन संगीताच्या परीक्षा दिल्या, पुसदच्या एका शाळेत अर्ज केला. नेमणुकीचं पत्र माझ्या दुकानाच्या पत्त्यावर आलं. आठवतं ना उकंडा? पत्र तुझ्या हाती पडलं तेव्हा रुजू व्हायला एकच दिवस उरला होता. मिळेल ती बस धरून तू गेलास. मी सांगितलं, पोस्टात उशीर झाला.

पोस्टाचा काही दोष नव्हता. पत्र चार दिवस माझ्या कोटाच्या खिशात होतं. तू गेलास की पार्टी मोडणार आणि मी नुसता कापड फाडून देणारा उरणार, ही भीती. चौथ्या दिवशी देवरावबाबा धोतर घ्यायला दुकानात आले. म्हणाले, “पोराची चिठ्ठी आली काय? त्याची पेटी म्या आजवर ऐकली नाही. वाजवणं म्हटलं की जुनंच आठवते. मास्तर झाला, तं पुसदले जाऊन ऐकीन.” त्याच संध्याकाळी मी पत्र दिलं.

आज उकंडा पुसदला बिऱ्हाड न्यायला आला आहे, म्हणून हा निरोपाचा सत्कार. अध्यक्षांचे, खोली देणाऱ्या शिंपीदादांचे आणि आपणा सर्वांचे आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभेनं पोटात घालावं. त्या चार दिवसांची माफी मात्र मी सभेकडे मागत नाही, उकंडाकडे मागतो. त्यानं आजच उत्तर द्यावं, असा माझा आग्रह नाही.

नमस्कार.