सातवीचा वर्ग शांत कसा झाला

खुर्ची फिरवायला माझी हरकत नाही, ताई — फक्त कारण कळू द्या. पहिल्या फेरीत जाड आवाजाच्या शिट्ट्या वाजवल्यात, एकूण एक पकडल्या मी, बटण दाबायला जराही उशीर केला नाही — आणि त्याचं बक्षीस म्हणून आता भिंतीकडे तोंड? काय म्हणालात? — तो मास्क जरा खाली घ्या बरं. माणसाशी बोलताना तोंड दिसावं, एवढा शिष्टाचार मी सातवीच्या पोरांनाही शिकवलाय. — हं. काचेतून शिट्टी वाजवणारा तुमचा हात दिसतो म्हणून. म्हणजे मी कॉपी करतोय! वा. जन्मभर दुसऱ्यांच्या कॉप्या पकडल्या, आता या वयात आमच्यावरच पाळत.

बसतो, बसतो. पण एक समजून घ्या — मी इथे आलेलो नाही, मला पाठवण्यात आलंय. 'कानांचा दाखला आणा, मग पुढच्या वर्षीचं बघू' — इति मुख्याध्यापिका. आणि हे मला खोलीत बोलावून नाही, तर गणिताच्या बाईंसमोर, म्हणजे मधल्या सुट्टीपर्यंत सगळ्या स्टाफरूमला कळावं अशी चोख व्यवस्था करून. दाखला मिळाला तर संगीताचा वर्ग माझा; नाही मिळाला तर ग्रंथालयात बसून पुस्तकांना कव्हरं घालायची. पुस्तकं गात नाहीत, हा त्यांचा मोठाच गुण, नाही का?

वास्तविक या वर्षाचा कोणी निःपक्षपातीपणे अभ्यास केला असता, तर माझा सत्कार व्हायला हवा होता. सुरुवातीला काय होता तो वर्ग? प्लास्टिकच्या बासऱ्या — शाळेने घाऊक आणलेल्या, बहुधा संगीतावर सूड उगवायला — आणि त्या सगळ्यांनी एकदम फुंकल्या की भिंतीवरच्या पालीनेसुद्धा बदलीचा अर्ज करावा! त्या वयाचं एक शास्त्रच आहे बघा: निम्म्यांचा आवाज फुटत असतो, त्यांना फुटतोय याची लाज, उरलेल्यांचा फुटलेला नसतो, त्यांना फुटत नाही याची लाज, आणि ही दोन्हीकडची लाज झाकायला दोन्ही पक्ष ओरडणार. पहिले काही आठवडे मी घरी जाऊन दिवे मालवून पडायचो. बायको विचारायची, 'चहा ठेवू का?' — मी हातानेच नको म्हणायचो, वर आणखी एक आवाज नको म्हणून.

आणि वर्ष संपताना? शांतता. निर्मळ शांतता, ताई! बासऱ्या अशा मऊ झाल्या की कापसात गुंडाळून वाजवताहेत असं वाटावं. हे काही आपोआप होत नाही, त्यामागे शिकवणाऱ्याची तपश्चर्या असते. एवढं असून मुख्याध्यापिका एकदा दारात येऊन उभ्या — दोन्ही कानांवर हात, नाटकीपणाची हद्द — 'सर, खाली परीक्षा चालू आहे, काय हा कल्लोळ!' मी वळून पाहिलं, तर पोरं आपली शिस्तीत बसून हळुवार वाजवताहेत. गाल फुगले होते, चेहरे लाल झाले होते, हे मान्य — पण वाजवत होती हळुवार. मत्सर माणसाला काय काय ऐकवतो! घरीही तीच साथ पसरली आहे. बायको म्हणते, टीव्ही केवढा मोठा लावलाय. अहो, कुठे मोठा? वर्गातली पोरंच शहाणी त्यापेक्षा. कोणी बेसूर झालं की पहिल्या बाकावरून एक बोट गुपचूप वर होतं, मला दिसेल असं. मी हे शिकवलं नव्हतं. संस्कार असे झिरपत असतात.

आता तुम्ही त्या मुलीचं विचारणार. मुख्याध्यापिकांनी सांगितलंच असेल तुम्हाला फोनवर. टिटवी म्हणायचो मी तिला — प्रेमाने हो, बाकी काही नाही. सुरुवातीला तिचा वरचा सा लागला की खिडकीची काच शहारायची. तिनेच गायचं होतं वार्षिक कार्यक्रमात, एकटीने. मी म्हटलं, मोठ्याने म्हण. म्हणाली. मी म्हटलं, आवाज घरी ठेवून आलीस का गं? आणखी मोठ्याने! ती हट्टी, मी तिच्याहून हट्टी. रोज शाळा सुटल्यावर थांबवायचो. आणि आता तिची आई सांगते, पोरीच्या घशात गाठी आल्या, गाणं बंद, बोलणंही बंद. दोष कोणाचा? अर्थात संगीतशिक्षकाचा! हवामान बिघडलं तरी आमचाच दोष. बरं, ती आई आणखी काय म्हणाली ऐका — 'घरी सारखी विचारायची, सरांना ऐकू जाईल असं कसं गाऊ?' ऐकू जाईल असं! अहो, हातभर अंतरावर उभा असायचो मी तिच्यासमोर. लक्ष दुसरीकडे नव्हतं, डोळे मिटलेले नव्हते. सगळं दिसत होतं मला — टाचा उचललेल्या, मानेची शीर तट्ट फुगलेली, डोळ्यांत पाणी, तोंड एवढं मोठं उघडलेलं, आणि त्यातून —

त्यातून काही —

त्या खोलीला जाड पडदे आहेत, हे कोणी लक्षातच घेत नाही. पडदे आवाज खातात. तुमच्या शास्त्रातही असेलच ते.

असो. तुमच्या चेहऱ्यावरून कळतंय, मला गप्प कसं करावं याचा विचार चाललाय. हे बघा, हेडफोन चढवले, फिरलो भिंतीकडे. लावा दार. लावलंत? अंगठा बटणावर आहे माझा. आता बारीक शिट्ट्यांची फेरी ना? बारीक तर बारीक — या असल्या सुरांतच आयुष्य गेलंय. करा सुरू.

करा.

सावकाश होऊ द्या, मला कुठेही जायचं नाही.

अहो! खांद्यावर हात काय ठेवताय, दचकलो ना मी — दार केव्हा उघडलंत? आणि हेडफोन कशाला काढताय, अजून सुरू तरी कुठे —